मागच्या सीटचं वजन

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्या पोटात एक खोली. शेडमध्ये तो इंजिनं खोलायचा आणि खोलीत त्याची बायको मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. मधल्या भिंतीला चौकट होती, पण दार नव्हतं. त्यामुळे दिवसभर इकडून एक टोमणा जायचा नि तिकडून दोन परत यायचे. पोरंबाळं नव्हती, पण त्याचं रडगाणं कुणी गात नव्हतं. दृष्ट लागावी असं दोघांचं चाललं होतं.

अशातच एका सकाळी सिस्टर मोटरसायकल ढकलत आली. घरोघरी जाऊन जखमांची पट्टी बदलायची, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. गाडी तिच्या नवऱ्याची. तो वायरमन होता, मागच्या थंडीत आजारानं गेला. तो होता तोवर सिस्टर कायम मागच्या सीटवर. तो गेल्यावर तिनं पडत-झडत गाडी शिकून घेतली आणि कामाला लागली.

गाडीचं दुखणं तिनं नीट सांगितलं. थंड असताना अर्ध्या किकमध्ये सुरू होते. पण एकदा तापली आणि बंद केली, की मेली. पाय दुखेस्तोवर किका मारा, ढिम्म. निवली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. त्यामुळे पहिल्या पेशंटच्या दारात ती अडकून पडायची आणि पुढचे वाट बघत बसायचे. परवा एका आजोबांना धाप लागली होती, तिथं पोचायला तिला उशीर झाला. आजोबा वाचले, पण थोडक्यात.

"नीट झाली नाही तर विकून टाकते, दादा," ती म्हणाली. म्हणताना तिचा हात टाकीवरून फिरत होता.

मिस्त्रीनं तिला धीर दिला. गरम झाल्यावर रुसणाऱ्या गाड्या त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. ठिणगी, पेट्रोल आणि इंजिनातला दाब, या तिघांपैकी कुणीतरी एक चोर असतो आणि तो हाती लागल्याशिवाय राहत नाही.

त्यानं गाडी तापवली, बंद केली. लगेच प्लग काढून पाहिला, तर ठिणगी निळीशार, कडक. तरी मनात शंका नको म्हणून स्वतःच्या गाडीची ठिणगी देणारी कॉइल काढून हिला लावली. फरक नाही. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण उघडं ठेवलं. कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल धार धरून येत होतं. तापल्यावर व्हॉल्व्ह आवळत असतील म्हणून त्यांची फट थोडी वाढवली. दिवस गेला. चोर काही सापडेना.

बायको चहा घेऊन आली आणि धंद्याच्या सवयीनं तिनं सीट दाबून बघितली. ती जरा थबकली.

"बाई एकटीच फिरते ना हिच्यावर?"

"हो. का?"

"मग मागचा फोम असा ताजा का दबलाय?"

जुना असेल, असं म्हणून मिस्त्रीनं चहा संपवला.

ऊन कलल्यावर तो गाडी घेऊन खाणीच्या रस्त्याला लागला. लांब चढ चढला, की इंजिन कसं फणफणून तापतं. गाडी मात्र झकास पळत होती, एकदाही अडखळली नाही. खाणीच्या तोंडाशी दगडांचे ट्रक तोलायचा मोठा काटा होता. त्याच्या केबिनमध्ये बसणारा काटेवाला मिस्त्रीचा बालपणापासूनचा मित्र. त्या दिवशी खाण बंद होती, तरी हा पठ्ठ्या रेडिओ लावून बसलेलाच. मिस्त्रीनं गाडी थांबवली, बंद केली, मनात एक ते दहा म्हटलं आणि किक मारली.

नाही.

मग ढकलून सुरू करावी म्हणून गिअर टाकला, क्लच दाबला आणि पायानं रेटा दिला. उताराची जागा होती, शिवाय सकाळी हीच गाडी एकटी बाई ढकलत आली होती. आता ती रेतीत रुतल्यासारखी जड झाली होती. चाकं तपासली. ब्रेक मोकळे होते. कशीबशी ती काट्याच्या लोखंडी पाटापर्यंत गेली आणि मिस्त्री धापा टाकत तिथंच थांबला. गाडी साइड स्टँडवर लावून तो केबिनमध्ये आला.

काटेवाला गंमत म्हणून यंत्राकडे बघत होता. मग त्याचं हसू विरलं.

"अरे, गाडीवर कुणाला बसवून आलास?"

मिस्त्रीनं काचेतून पाहिलं. पाटावर गाडी एकटीच उभी होती. त्या गाडीचं वजन त्याला तोंडपाठ होतं. आकडा त्याहून पुष्कळ जास्त दाखवत होता. एखादा धट्टाकट्टा माणूस मागे बसावा, इतका जास्त.

"काटा बिघडला असेल तुझा," तो म्हणाला.

काटेवाल्यानं रेडिओ बंद केला.

सूर्य खाणीच्या कडेखाली गेला होता. दगडांची धूळ हवेत तरंगत होती आणि सगळीकडे शांत झालं होतं. फक्त तापलेलं इंजिन निवताना करतं तसा टिक... टिक... आवाज येत होता. गाडीचे मागचे स्प्रिंग खाली दबलेले दिसत होते. आणि तापल्या ऑइलच्या वासात दुसराच एक वास मिसळला होता, नुकतीच दाढी करून कुणी शेजारी येऊन उभं राहावं तसा साबणाचा.

"तुला येतोय...?" मिस्त्रीनं विचारलं.

"बोलू नकोस..."

टिकटिक मंदावत गेली. थांबली. त्याबरोबर मागचे स्प्रिंग हलकेच करकरले आणि सीट वर आली, कुणी सावकाश पाय टाकून उतरावं तशी. यंत्रावरचा आकडा झरझर उतरला आणि गाडीच्या वजनावर येऊन थांबला.

पुढं जायला दोघांचेही पाय धजेनात. शेवटी मिस्त्रीच गेला, कारण गाडी परक्याची होती आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं होतं. पहिल्या किकमध्ये सुरू झाली. वाटेत त्यानं ती कुठंच बंद केली नाही आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

बायकोला त्यानं सगळं सांगितलं. ती हसली नाही. "तिला खरं सांगा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, तेव्हा मिस्त्रीनं गाडी तापवून अंगणात उभी केली होती. अडखळत त्यानं काट्याची हकिगत सांगितली. सिस्टर घाबरेल, चिडेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती ऐकत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मिस्त्रीच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

सिस्टर म्हणाली, की नवरा तिला नेहमी चिडवायचा. तू गाडी शीक, मग मी मागे बसून मजेत फिरेन, म्हणायचा. शिकायचं राहून गेलं. "मला वाटायचं, त्याला कळलंच नाही मी शिकले ते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणा पेशंटला सलाइन लावायचं होतं, तातडीनं. तिनं गाडीवर टांग टाकली, किक मारली. गाडी हूं की चूं करीना. तापलेलीच होती. सिस्टरनं पाय खाली टेकला. मग मान किंचित मागे वळवून, घरात बोलावं तसं हळूच म्हणाली,

"उतर ना आता. मला काम आहे रे..."

स्प्रिंग करकरले. सीट वर आली. पुढच्याच किकला इंजिन गर्जून उठलं. सिस्टरनं डोळे पुसले, हेल्मेट चढवलं आणि ती निघाली. वळणावर गाडी कशी हलकी होऊन वळली, ते मिस्त्री बघत राहिला.

त्यानंतर गाडीनं तिला एकदाही दगा दिला नाही. दिवसात कितीदा बंद करा, कितीही तापू द्या, किक मारली की सुरू. सिस्टरचे पेशंट वाढले. जाता-येता ती हात हलवायची, आणि एक दुखणं मुळापासून गेलं म्हणून मिस्त्रीही खूश होता. इंजिनाला हात न लावता बरी झालेली ती त्याची पहिलीच गाडी. बायको त्यावरून त्याला चिडवायची, तोही हसून घ्यायचा.

अशाच एका दुपारी तो सुटे भाग आणायला बाजारात गेला होता. परत आला तेव्हा आत मशीन चालू होतं. बायको चौकटीकडे पाठ करून सीटचं कव्हर शिवत होती. रेक्झिन दोन्ही बाजूंनी ताणून धरल्याशिवाय ते काम होत नाही, नेहमी तो धरायचा.

"आता सोडा," ती सुईवरची नजर न काढता म्हणाली. "किती वेळ धरलंत, हात भरून आले असतील."

दाढीच्या साबणाचा तोच वास आला आणि मिस्त्री चौकटीतच उभा राहिला. तिच्या समोर, ताठ ताणलेलं रेक्झिन हळूहळू सैल पडलं.