फळ्यावरची घट

गांधीबागेतला सुताचा व्यापारी चंपतराव संस्थेच्या दारात येऊन बोंबलला नसता, तर ही चोरी कुणाला कळलीही नसती.

"तुमच्या आकड्यापायी बुडालो मी!" एवढं बोलून त्याने जीभ चावली. पण व्हायचा तो घोटाळा होऊन गेला होता.

सिव्हिल लाइन्समधली ही खासगी संस्था दर महिन्याला देशाची आयात-निर्यात क्षेत्रवार मोजते. सूत, तांदूळ, पोलाद, औषधं, कशात किती चढ आणि किती उतार. अहवाल छापून येईपर्यंत आकडा बाहेर जाता कामा नये. चंपतरावाने मात्र आदल्या दिवशीच, ऑक्टोबरात सुताची निर्यात घटल्याच्या खबरीवर, सगळं सूत पडेल भावात विकून टाकलं होतं. अहवालात निघाली वाढ.

आळ आला मिनलवर. अहवाल तीच तयार करते, आणि तिच्या मामाचं सुताचं दुकान चंपतरावाच्या दुकानाला लागून. तिला तडकाफडकी घरी बसवलं गेलं, आणि ती खासगी तपास करणाऱ्या माया रामटेकेकडे आली.

"ताई, उद्या विश्वस्त मले चोर ठरवून काढून राहिले. आकड्याच्या कामावर मंग मले कोण ठेवन?"

मायाचा मदतनीस धर्मेंद्र पूर्वी पोलिसात होता. आधी धरायचं आणि मग विचार करायचा, ही तिथली सवय त्याची सुटली नव्हती. मुलीचे सुजलेले डोळे पाहून त्याला वाईट वाटलं, तरी मनातल्या मनात त्याने तिला धरलंच.

"आकडा कोण कोण पाहतं?" मायाने विचारलं.

"कच्चा आकडा मी फळ्यावर लिहिते. तो आनंदराव सर पाहतात, संचालक सुमंत सर पाहतात. मंग मी संगणकावर दुरुस्ती करते."

दुपारी दोघं आधी चंपतरावाकडे गेली. तो कुणाचं नाव घेईना.

"पण दोन वर्षांत असा दगा कधी नाही झाला," तो पुटपुटला. शेजारी मिनलचा मामा कपाळाला हात लावून बसला होता. पोरीच्या काळजीने त्याने दुकानातलं सूत उलगडलंसुद्धा नव्हतं. सगळा माल जिथल्या तिथे होता.

संचालक सुमंत भलतेच तापलेले होते. "निर्यात घटलीच होती! फळ्यावर मी स्वतः पाहिलं. या मुलीने आधी आकडा फोडला आणि छापताना फिरवला. आठच महिने झाले इथे येऊन, आणि ही हिंमत!"

आनंदराव मुख्य संख्याशास्त्रज्ञ. मान वर न करता बोलले, "फिरवला नाही गा. दिवाळीत गिरण्या बंद, ट्रक बंद. मागच्या साली ती सुट्टी नोव्हेंबरात गेली, यंदा ऑक्टोबरात आली. मंग ऑक्टोबर पडलेला दिसणारच. तेवढी दिवाळी बाजूले काढली, का वाढ दिसते. ही दुरुस्तीची रीत मीच बसवली, मिनलले मीच शिकवली. पोरगी गुणाची आहे."

बाहेर येताच धर्मेंद्र म्हणाला, "मॅडम, तिनं चंपतरावले मुद्दाम कच्चा आकडा देला असंन."

"आणि दोन वर्षांपूर्वी कुणी दिला?" माया म्हणाली. धर्मेंद्रने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांसमोर मिनल, सुमंत आणि आनंदरावांबरोबर मायाने चंपतरावालाही बसवलं.

"खबर दोन वर्षांपासून जातेय. मिनल आली आठ महिन्यांपूर्वी. शिवाय सूत घसरणार अशी खबर तिने फोडली असती, तर सख्ख्या मामाला सोडून शेजाऱ्याला दिली असती का? मामाचा माल तर दुकानातच पडून आहे." माया विश्वस्तांकडे वळली. "आता असं बघा. खबर देणारा चंपतरावाला फसवत नव्हता. त्याला ती घट खरीच वाटली. फळा तिघं पाहतात. दुरुस्ती करणारी मिनल फसणार नाही. ती रीत बसवणारे आनंदराव फसणार नाहीत. दुरुस्तीला जो आकडा फिरवणं म्हणतो, तोच फसेल."

सुमंतांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

चंपतराव मात्र ताडकन उठला. "म्हंजे तुले तुह्यंच काम येत नाही गा? तुह्या पोरीच्या लग्नात अख्ख्या मांडवाच्या कापडाचे पैसे या खबरीपायी नेले माह्याकडून!"

मग झाकायला काही उरलं नाही. विश्वस्तांनी सुमंतांचा राजीनामा घेतला, मिनलला उद्यापासून यायला सांगितलं. धर्मेंद्रला इतका आनंद झाला की तो टाळी वाजवणार होता.

मायाने त्याचा हात दाबला. ती आनंदरावांकडे वळली होती.

"चंपतराव बोंबलला, त्याच घटकेला तुम्हाला कळलं होतं. कच्चा आकडा खरा मानणारा इथे एकच माणूस आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?"

"मले निवृत्तीनंतर मुदतवाढ देणार होते सुमंत," आनंदराव मिनलकडे पाहत म्हणाले. "घरी दोन दुखणी आहेत वं, पोरी. मी म्हटलं, तू तरणी आहेस, तुले दुसरीकडे नोकरी भेटून जाईन."

धर्मेंद्रला त्या म्हाताऱ्याची शिसारी आली, आणि कीवही.

मिनल उठली. पहिल्या दिवसापासून रोज सकाळी ती या माणसाच्या पाया पडून कामाला बसायची.

"सर, नोकरी भेटली परत," ती म्हणाली. "पण उद्यापासून मी सरळ माह्या टेबलावर जाईन."