नन्नोबा आणि म्हसोबाची खिंड

एकाच वेळी खऱ्या असलेल्या, पण एकमेकींशी मुळीच न पटणाऱ्या दोन गोष्टी बकुळ येडगे हिच्या डोळ्यांसमोर होत्या. पहिली गोष्ट अशी, की कौलधार पठारावरच्या सायकलतळाचा दिवा लाल होता आणि त्याखालच्या फलकावर लिहिले होते, ‘वारा बेचाळीस. सायकल चालविण्यास मनाई.’ दुसरी गोष्ट अशी, की तळाशेजारच्या कठड्यावर बसलेल्या तिच्या आबांनी पेटवलेली उदबत्ती सरळ धूर सोडत नव्हती हे खरे, परंतु विझतही नव्हती. आणि रस्त्याकडेचे गवत वाकत होते ते एखाद्या सभ्य माणसाने मान लववावी इतकेच. बेचाळीसच्या वाऱ्यात असे घडेल काय? घडत असेल, तर गवत खोटे की फलक खोटा?

बकुळने फलकालाच जाब विचारायचे ठरवले. फलकाच्या मागे काचेच्या खोलीत पवनपाल नावाचा यंत्रमानव उभा असे. सायकलींची कुलुपे त्याच्या हुकमात होती. पठारावरच्या मुलांनी त्याचे नाव बदलून नन्नोबा केले होते, कारण वैशाख लागल्यापासून त्याच्या तोंडून ‘नाही’खेरीज दुसरा शब्द क्वचितच निघत असे.

“कुलूप काढ,” बकुळ म्हणाली.

“नाही. मर्यादा ताशी तीस किलोमीटर. वारा बेचाळीस.”

“कुठे आहे बेचाळीस? माझी वेणीसुद्धा हलत नाही.”

“वेणी हे मान्यताप्राप्त उपकरण नाही,” नन्नोबा म्हणाला. “शिवाय परवा तू लाल दिवा असताना सायकल नेलीस. आदल्या रात्री ती तळावर जमाच केली नव्हतीस. मी तशी नोंद शाळेला कळवली आहे.”

“आणि मी पडले नाही, हे कळवलंस का?”

“न पडलेल्यांची नोंद ठेवण्याची सोय नाही.”

ही नोंद साधी नव्हती. तिच्यामुळेच मुख्याध्यापिका निंबाळकरबाईंनी शनिवारी शाळा समितीची बैठक बोलावली होती. वाऱ्याचे चार महिने सायकलवाट बंद करावी आणि सर्व मुलांनी बंदिस्त गाडीने यावे, असा प्रस्ताव होता. गाडी शाळा सुटताच परत निघे. कबड्डीचा सराव शाळा सुटल्यावर सुरू होई. बकुळ संघाची पहिल्या फळीतली चढाईपटू होती. सायकल गेली की सराव गेला आणि सराव गेला की संघातली जागा गेली, हे गणित तिला तोंडपाठ होते.

ती तणतणत आबांकडे आली. तिचे आजोबा, आबा येडगे, यांनी आयुष्य याच पठारावरच्या पवनचक्क्यांच्या संशोधनात घालवले होते. उत्तर माहीत असूनही आधी प्रश्न विचारायची त्यांची खोड घरात कोणालाच फारशी आवडत नसे.

“आबा, ते यंत्र खोटं बोलतंय.”

“यंत्र खोटं बोलत नाही, बकुळे. ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. प्रश्न चुकीचा असेल तर?” आबांनी बोटाऐवजी काठीने वर दाखवले. “त्याला वारा कोण सांगतं?”

बकुळने वर पाहिले. शंभर मीटर उंच चक्कीची पाती गरगरत होती. तिच्या माथ्यावर एक लहानसे वायुवेगमापक (वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण) फिरत होते. तिथून एक तार खाली, थेट काचेच्या खोलीत येत होती.

“तो वरचा वारा आहे,” ती सावकाश म्हणाली. “मी तर खाली आहे.”

“आम्ही चक्कीवाले लोक. वारा म्हणजे माथ्यावरचा, असंच आम्हाला तीन पिढ्या वाटत आलं, कारण वीज तिथे तयार होते. सायकलींसाठी आकडा हवा म्हटल्यावर आम्ही हाताशी असलेला देऊन टाकला. सायकल शंभर मीटर उंचीवरून चालवत नाहीत, हे कोणी बोललंच नाही.”

इथे वाचकाने क्षणभर थांबावे, कारण पुढचा मुद्दा नुसता मान्य करून चालणार नाही, तो पटला पाहिजे. ओढ्याच्या काठावर उभे राहून पाहिले तर मध्यभागी पाणी धावत असते आणि तळाला, दगडगोट्यांपाशी, ते रेंगाळत असते. वारा म्हणजे वाहणारी हवाच. जमिनीवरचे गवत, झुडपे, बांध आणि घरे तिला अडवतात. या अडवण्याला घर्षण (दोन वस्तू एकमेकींना घासताना होणारा विरोध) म्हणतात. जमिनीलगतची हवा अशी मंदावते, ती आपल्या वरच्या थराला थोडी मागे खेचते, तो थर त्याच्या वरच्याला. म्हणून जसजसे वर जावे तसतसा वारा मोकळा आणि वेगवान होत जातो. गवताने मान लववली होती आणि पाती गरगरत होती. दोन्ही खरे होते. दोघांची उंची मात्र वेगळी होती.

“मग मी सिद्ध करते,” बकुळ म्हणाली.

“कशाने? वेणीने?” आबांनी विचारले.

तिने नारळाच्या चार करवंट्या घेतल्या, फुलीसारख्या बांधलेल्या दोन आडव्या काड्यांच्या टोकांना, प्रत्येकीचे तोंड पुढचीच्या पाठीकडे येईल अशा बसवल्या आणि सायकलच्या हँडलच्या दांड्यावर एका खिळ्याभोवती फिरतील अशा लावल्या. वारा करवंटीच्या पोकळ बाजूत अडकतो, फुगीर बाजूवरून घसरतो. म्हणून चक्र फिरते. एका करवंटीला तिने चुना फासला, म्हणजे फेऱ्या मोजता येतील. पण किती फेऱ्या म्हणजे किती वेग? हा प्रश्न तिने आबांना विचारला नाही, याचा आबांना मनातून आनंद झाला. पान हलत नव्हते अशा एका पहाटे तिने घरामागच्या सपाट रस्त्यावर वेग दाखवणारा काटा असलेली वडिलांची सायकल ताशी दहाच्या, मग पंधराच्या, मग वीसच्या वेगाने चालवली. वारा नसताना सायकल पंधराने गेली, तर दांड्यावरच्या करवंट्यांना पंधराचाच वारा लागतो. उपकरणाला शिकवण्याची याहून स्वस्त रीत अजून कोणी शोधलेली नाही.

त्याच सकाळी वारा उठला. फलकावर चाळीस झळकले. तळाजवळ दांड्याच्या उंचीवर करवंट्यांनी दाखवले वीस.

“वीस,” बकुळने काचेवर टकटक केली. “तुझ्या चाळीसच्या निम्मे. बाहेर ये आणि मोज.”

“मी खोलीत असतो.”

“म्हणजे तू वाऱ्याबद्दल हुकूम सोडतोस आणि वाऱ्यात कधी उभाच राहिला नाहीस? बाहेर यायला बंदी आहे का तुला?”

नन्नोबाने आपले नियम तपासले. “बंदी नाही,” तो म्हणाला. “आजपर्यंत कोणी बोलावले नव्हते.”

दार उघडून तो बाहेर आला. त्याने चुना फासलेल्या करवंटीच्या फेऱ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि म्हणाला, “वीस. माझा आकडा तुझ्या उंचीचा नाही.” बकुळला वाटले, लढाई जिंकली.

शुक्रवारी माथ्यावरचा वारा उतरून सव्वीस झाला आणि तळाचा दिवा चक्क हिरवा लागला. बकुळ करवंट्यांसह सायकलवर शाळेकडे निघाली. उपकरणाच्या फेऱ्या मोजण्यासाठी नन्नोबा तिच्याबरोबर चाकांवर घरंगळत निघाला. टेकडीच्या आडोशाने जाईपर्यंत करवंट्या सायकलच्या वेगाइतक्याच फिरत होत्या. बकुळ गुणगुणत होती. मग रस्ता वळून म्हसोबाच्या खिंडीच्या तोंडाशी आला, आणि दुसऱ्याच क्षणी कोणीतरी बाजूने खांदा मारावा तशी सायकल तिच्याखालून सरकली. ती करवंदीच्या जाळीत जाऊन पडली.

“लागले काय?” नन्नोबाने विचारले.

“काटे मोज,” बकुळ जाळीतून म्हणाली.

तिने उठून कोपर झाडले. खरचटले होते, मोडले काही नव्हते. नन्नोबा मात्र जागचा हलला नव्हता. “तुझा स्वतःचा वेग हिशेबातून काढला तरी करवंट्यांनी अडतीस दाखवले,” तो म्हणाला. “तुझ्या उंचीवर. माझा दिवा हिरवा होता.”

संध्याकाळी आबांनी बागेतला रबरी नळ सुरू केला आणि तिला त्याच्या तोंडावर अर्धवट अंगठा ठेवायला सांगितले. मंद वाहणारे पाणी सुसाट सुटले.

“तेवढंच पाणी,” बकुळ म्हणाली. “जागा अरुंद, म्हणून घाई. खिंडीत हवेचं तसंच होतं.”

“आणि अडतीस म्हणजे विसाच्या जवळजवळ दुप्पट. मग धक्काही दुप्पटच असेल, नाही का?”

आबांचा आवाज फार साळसूद होता, म्हणून बकुळ सावध झाली. तिने विचार केला. वेग दुप्पट झाला की एका क्षणात दुप्पट हवा येऊन आदळते. आणि ती येते तीही दुप्पट वेगाने. दोन दुणे चार.

“चौपट,” ती म्हणाली. “म्हणून वाटलं कोणी ढकललं. पण आबा, समोरून असता तर मी नुसती थांबले असते. तो बाजूने आला.”

“आणि अचानक आला. एकसारखा वाहणारा बाजूचा वारा असेल, तर माणूस नकळत त्याच्याकडे कलतो आणि तोल सांभाळतो. झोत (क्षणभरच येणारा वाऱ्याचा जोरदार लोट) कलायला वेळ देत नाही. सरासरी वारा तुझी दमछाक करतो, बकुळे. पाडतो तो झोत.”

बकुळने नळावरचा अंगठा काढला. उद्या समिती होती. तळाजवळचा वीसचा आकडा एकटा मांडला, तर वाट उघडी राहण्याची शक्यता होती. खिंडीतला अडतीसचा आकडा मांडला, तर निंबाळकरबाई ‘पाहा’ म्हणतील आणि वाट बंद होईल.

“खिंडीचं सांगितलं नाही तर?” तिने विचारले.

“नन्नोबाला विचारलं तर तो सांगेल. न विचारता सांगणार नाही.” आबांनी नळ बंद केला. “तुझं तू बघ.”

शनिवारी समितीपुढे बकुळ उभी राहिली, शेजारी नन्नोबाही होता. तिने आधी वीसचा आकडा सांगितला. समितीतले दोघेतिघे माना डोलावू लागले. मग तिने हाताची बाही वर सारून कोपर दाखवले.

“हे काल झालं. दिवा हिरवा असताना. खिंडीत अडतीस होता.”

“पाहा,” निंबाळकरबाई म्हणाल्या. “म्हणजे वाट बंद करणंच शहाणपणाचं. तूच पुरावा दिलास.”

“बाई, मी पुरावा यंत्राविरुद्ध दिला, वाटेविरुद्ध नाही,” बकुळ म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण मागेही सरला नाही. “आजचा नियम मी सुरक्षित असते तेव्हा मला अडवतो आणि पडणार असते तेव्हा सोडतो. तो कडक नाही, तो आंधळा आहे. आंधळ्या नियमावर उपाय म्हणून तुम्ही वाटच बंद करणार? मग पायऱ्यांवरून एकजण पडला तर शाळेचा वरचा मजला बंद करायचा का?”

कोणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला, हे शुभलक्षण होते.

“मग तुझं म्हणणं काय?”

“वारा दांड्याच्या उंचीवर मोजायचा. सायकलतळावर आणि खिंडीत, दोन्हीकडे. सरासरी नाही, झोत धरायचा. मैदानावर चुन्याची रेषा आखून मी आज सकाळी बाजूच्या वाऱ्यात सायकल चालवून पाहिली. पंचविसाच्या झोतापुढे मी रेषेवर राहू शकत नाही. म्हणून माझी मर्यादा पंचवीस. खिंडीत त्याहून जास्त असेल, तर खिंडीपुरतं उतरून सायकल हातात धरून चालायचं. तळावरच जास्त असेल, तर मी स्वतः गाडीत बसेन, तोंड वाकडं करून.”

“आणि पाचवीची लहान मुलं? ती तुझ्याहून हलकी आहेत.”

बकुळने बाही खाली ओढली. “ते मोजलं नाही,” ती म्हणाली. “मर्यादा कमी लागेल, पण किती ते माहीत नाही. मोजेपर्यंत त्यांना गाडीनेच येऊ द्या.”

बाईंनी नन्नोबाकडे वळून विचारले, “पवनपाल, तुमचे मत?”

“माझा आकडा अचूक आहे,” नन्नोबा म्हणाला. “परंतु तो चक्कीच्या उपयोगाचा आहे. माझी विनंती आहे, की खिंडीत एक उपकरण बसवावे. आणि मला रोज खोलीबाहेर उभे राहण्याचे काम मिळावे.”

समितीने वाट एका महिन्यासाठी उघडी ठेवली, चाचणी म्हणून, आणि रविवारीच खिंडीत उपकरण बसवले. बकुळला एक महिना म्हणजे अपमान वाटला. आबांना तो पुरेसा वाटला, कारण एका महिन्यात पुष्कळ मोजता येते.

सोमवारी चक्कीच्या माथ्यावर एक्केचाळीसचा वारा होता. पाती घोंघावत होती. नन्नोबा काचेच्या खोलीबाहेर उभा होता. त्याच्या हातात करवंट्यांचे चक्र होते आणि पाचवीतली चार मुले त्याच्याभोवती, चुन्याची रेषा कुठे आखायची यावर हुज्जत घालत होती.

“तळावर झोत एकवीस,” तो म्हणाला. “खिंडीत एकतीस, कारण आज वाऱ्याची दिशा तिरकी आहे. कुलूप काढले आहे.”

“म्हणजे जाऊ?”

“हो,” नन्नोबा म्हणाला. हा शब्द त्याला अजून सवयीचा नव्हता. “पण म्हसोबापाशी उतर.”

बकुळने वर गरगरणाऱ्या पात्यांकडे एकदा मान उडवून पाहिले आणि पायडल मारले. खिंडीच्या तोंडाशी ती उतरली, दांडा घट्ट धरला आणि वाऱ्यात खांदा घालून चालू लागली.