तेरावी बाटली

"मॅडम, मातीचा वास घ्यायचा न्हाय, असं आत्ताच सांगितलंय की सरांनी!"

मी दचकून वर बघितलं. हातातलं ढेकूळ नाकापासून जेमतेम वीतभर लांब होतं. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, गुडघ्यापर्यंत चिखल आणि ओठांत दाबून धरलेलं हसू.

"वास नाही घेत. रंग बघतेय."

"नाकानं?"

माझे कान गरम झाले. ढेकूळ मुकाट्यानं खाली ठेवलं.

कंग्राळीच्या शिवाराला लागून असलेल्या, आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या, लोखंडावर क्रोमियमचा मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंग कारखान्याचं आवार होतं ते. दूषित जमीन कशी तपासायची, कशी स्वच्छ करायची, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण तिथं सुरू झालं होतं. मी विद्युल्लता, खडेबाजारात वाढलेली, बेळगावातल्या एका माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. हा रविराज, कंग्राळीचाच, शेतकऱ्याच्या घरातला सिव्हिल इंजिनिअर. चिंतामणी सरांनी यादीतल्या क्रमानं जोड्या पाडल्या... आणि 'र'च्या खाली नेमका 'व' आला.

"हे गिरमिट धरा," तो जमिनीत फिरवायची लोखंडी दांडी पुढं करत म्हणाला.

"आम्ही गिरमिट खातो. चुरमुऱ्याचं. वर बारीक कांदा घालून."

"ते पण हाय गावात. आधी दीड मीटर हे फिरवा, मग ते चारतो."

परतीचा पाऊस अधूनमधून भुरभुरत होता. पाऊस वाढला की आम्ही सगळे शेडखाली पळायचो. पत्र्यावरच्या आवाजात बोलायचं तर जवळ उभं राहावं लागायचं. त्याच्या शर्टाला ओल्या गवताचा वास यायचा. मी मुद्दाम हळू बोलायची, म्हणजे तो वाकून "काय?" म्हणायचा...

पण हा मुलगा काही केल्या उमगत नव्हता. दिवसभर थट्टा करणारा रविराज वर्गात बसला की एकदम गप्प व्हायचा. मग हात वर करून फिरून फिरून एकच विचारायचा – "सर, जमिनीखालचं पाणी कुठल्या अंगाला जातंय?" "सर, विहीर किती लांब असली तर भ्यायचं कारण न्हाय?" इतरांच्या वहीत व्याख्या होत्या. त्याच्या वहीत या आवाराचा नकाशा होता, आणि कुंपणाबाहेर पेन्सिलीनं काढलेला एक लहानसा गोल.

"हा गोल काय?" मी विचारलं.

त्यानं वही मिटली. "उगीच काढलाय."

चौथ्या दिवशी आवारातल्या बारा बोअरचं पाणी भरायचं होतं. प्रत्येक बाटलीवर बोअरचा क्रमांक, वेळ आणि नाव. दुपारी तपासणीच्या टेबलावर मी बाटल्या मांडल्या. मोजल्या. परत मोजल्या. तेरा! तेराव्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

रविराज समोरच उभा होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बघा की... ती पण."

मी नळीत पाणी घेतलं, पुडीतली पावडर टाकली. घातक क्रोमियम असलं तर पाच मिनिटांत पाणी गुलाबी होतं, जास्त असलं तर गडद. आम्ही दोघं नळीकडं बघत राहिलो. तिसऱ्या मिनिटाला कडेनं रंग चढायला लागला. फिका होता, पण गुलाबीच.

"कुठलं पाणी हे, रविराज?"

"आमच्या विहिरीचं." त्यानं कुंपणाकडं बोट केलं. "कुंपणापलीकडं मळा हाय आमचा. आई-आप्पा तेच पितात. पोरं वर्गात नुसती शिकायला आलीती... मी हे बघायला आलतो."

मी बाटलीवर लिहायला पेन उचललं.

"कुणाला सांगू नका," तो घाईनं म्हणाला. "मोठ्या लॅबचा रिपोर्ट येऊ दे. नाव बाहेर गेलं तर आमची भाजी कोण घेणार? आप्पा खचतील."

"आणि रिपोर्ट येईपर्यंत? आज संध्याकाळी घरात काय पिणार?"

"पंधरा दिवसांत येतोय की रिपोर्ट. तेवढ्यानं काय व्हतंय..."

"मग तुम्ही प्याल?" मी बाटली पुढं केली.

तो तडक निघून गेला. मी बाटलीवर क्रमांक घातला, वेळ घातली. नावाची जागा मात्र रिकामी ठेवली... ते लिहायला हातच होईना. खूप लागेल असं बोलले होते का मी? त्या नळीपेक्षा त्याचा चेहराच जास्त डोळ्यांपुढं येत होता.

तासाभरानं तो परत आला. पेन मागितलं आणि बाटलीवर स्वतःच्या हातानं लिहिलं – परशराम आप्पांची विहीर.

"चला घरी. तुम्हीच सांगा आप्पांना. मला जमंना."

"सांगायचं तुम्हीच," मी म्हटलं. "मी शेजारी उभी राहते."

आप्पा गोठ्यापुढं वैरण तोडत होते. रविराजनं सगळं सांगितलं, अडखळत, मध्येच थांबत. आप्पांनी विळा खाली ठेवला. आम्ही बरोबर आणलेली नळी उजेडात धरून बराच वेळ बघितली.

"आजपातूर प्यालो त्याचं काय, बाळ?" त्यांनी मला विचारलं.

"मला माहीत नाही, आप्पा. उद्याच डॉक्टरांकडं तपासून घेऊ. पण आजपासून प्यायचं नाही, जनावरांनाही द्यायचं नाही."

ते उठले, विहिरीवर गेले आणि घरात जाणारा पाइप स्वतः सोडवला. मग रविराजच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एकटाच वागवत बसलावतास व्हय रं हे?"

त्यानं मान फिरवली. मी पावसाकडं बघितल्यासारखं केलं.

पुढचं सगळं हळूहळू घडत गेलं. मोठ्या लॅबचा रिपोर्टही तसाच आला. आई-आप्पांच्या तपासण्या ठीक निघाल्या, शेताच्या मातीतही काही सापडलं नाही. चिंतामणी सरांनी पाठपुरावा केला. आवारातली क्रोमियमनं पिवळी पडलेली माती उचलली गेली आणि जमिनीखालच्या पाण्यात हिराकस सोडणं सुरू झालं. त्यानं क्रोमियमचं विष मोडतं. विहिरीवर नजर ठेवायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडं आलं. मी दर शनिवारी कंग्राळीला जायला लागले. बाटली भरायची, आईंच्या हातचा चहा घ्यायचा, आणि रविराजबरोबर कोबीच्या वाफ्यांतून रस्त्यापर्यंत चालायचं. आता तो मला 'मॅडम' म्हणायचा नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो बांधावरच थांबला.

"विद्या, एक विचारू? असला नमुना किती दिवसांनी घ्यायचा असतोय गं?"

"दर... आठवड्याला," मी वहीत बघत म्हटलं.

"तीन महिन्यांनी. पान एकेचाळीस." तो हसला. "मी पण त्योच कोर्स केलाय."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू तीन महिन्यांनी आली असतीस."

वाऱ्यानं कोबीची पानं सळसळली. माझ्या हातातली बाटली त्यानं अलगद काढून बांधावर ठेवली आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"आणि आता?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, कुणास ठाऊक.

"आता ह्या शनिवारांचा मला लई तरास हुतोय. बाकीचे सहा दिवस जात न्हाईत... तू इथंच ऱ्हा की."

मी हात सोडवला नाही. "खडेबाजारात येऊन माझ्या बाबांना विचार आधी," मी म्हटलं. "पण हेल्मेट घालून ये. वकील आहेत ते, प्रश्नांचा मारा होईल."