भिंतीचा ताप

लिफ्ट बंद होती म्हणून रसिका चार मजले चढून वर आली आणि पाहते तर काय... एक अनोळखी तरुण तिच्या घराबाहेरच्या भिंतीला उलटा हात लावून, डोळे मिटून उभा! आजारी पोराचा ताप बघावा ना, अगदी तसा.

धाप लागलेली असतानाही तिला हसू आलं. "किती आहे ताप?"

"आहे थोडा," तो डोळे न उघडताच म्हणाला. मग त्याने डोळे उघडले, आणि रसिकाला उगीचच ओढणी सावरावीशी वाटली.

गणवेशावर नाव होतं – योगेंद्र. अग्निशमन दलाचा माणूस. दिवाळी तोंडावर आली होती, दिवाळीत आगी लागतात, म्हणून भाईंदरच्या जुन्या इमारतींची तपासणी चालली होती. जिन्यात कोणी सायकली ठेवल्यात, आग विझवायच्या पाण्याच्या नळ्या कुठे कुजल्यात, गच्चीला कुलूप आहे का, हे सगळं तो सकाळपासून बघत होता. सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई केव्हाच कानांवर हात ठेवून खाली निघून गेले होते.

"पण हात उलटा का?" रसिकाने विचारलं.

"तळहात भाजला तर माणसाला धरणार कशाने? तपासायचं ते उलट्या हाताने. सरळ हात धरायला राखून ठेवायचा."

"कोणाला धरायला?"

"...जो सापडेल त्याला," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. आगीत शिरणारा माणूस, पण एवढ्याशा प्रश्नाने त्याची ही गत झाली होती.

मग त्याने भिंतीला लागून असलेल्या चपलांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटामागे एक लोखंडी दार होतं आणि त्या दारामागून सगळ्या मजल्यांच्या विजेच्या तारा वर जात होत्या. कपाट उद्याच्या उद्या हलवा, त्याने बजावलं. जाता जाता दोन पायऱ्या उतरून तो थांबला.

"या भिंतीतून कधी आवाज येतो का हो? संध्याकाळी वगैरे?"

रसिकाचं हसू विरून गेलं. "नाही," ती म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

कारण भिंत गुणगुणायची.

ते कपाट रसिकाच्या बाबांनी, सुभाषरावांनी, स्वतः बसवलं होतं. रोज तिन्हीसांजेला ऑफिसातून आले की त्या कपाटाशी वाकून बूट काढता काढता ते गुणगुणायचे. धड गाणं नाही, सूर नाही, नुसतं नाकातल्या नाकात काहीतरी. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. आणि उन्हाळा सुरू झाला तशी, बरोबर दिवेलागणीला, त्या कपाटामागची हॉलची भिंत गुणगुणायला लागली... तस्साच खालचा, लांबट सूर. रसिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. आई मात्र घाबरली नाही. तिने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊब आहे गं."

तेव्हापासून रसिकाची आई, नीलिमाताई, रोज संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन त्या भिंतीशी बसायच्या. दिवसभराचं सगळं सांगायच्या. कधीकधी त्या प्रश्न विचारायच्या आणि सूर थांबायचा... ऐकल्यासारखा. रसिका स्वयंपाकघराच्या दारातून भीत भीत बघायची. पण बाबा गेल्यावर तीन महिने धड न जेवलेली आई आता जेवत होती. भूत तर भूत, ते घरचं होतं! कपाट हलवायचं म्हणजे त्याला हाकलायचं, हे तिच्याने होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योगेंद्र परत आला. कपाट जागच्या जागी होतं. गुणवंतभाईंनी "दिवाळी हो जाने दो, साहब" म्हणून पुन्हा अंग काढून घेतलं होतं.

"मला बघायला आलात की कपाटाला?" रसिकाने दारातच अडवलं.

"कपाटाला," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "म्हणजे... आधी कपाटाला."

नीलिमाताईंनी त्याला आत बसवलं आणि भिंतीशी ठेवलेल्या दोन कपांतला एक सरळ त्याच्या हातात दिला. खाडीवरून मिठागरांचा खारट वारा येत होता. खालून एकेका घरात एसी सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. आणि मग... भिंतीने सूर धरला.

योगेंद्रचा कप ओठांशीच थांबला.

"हे आले," नीलिमाताई हसून म्हणाल्या.

तो उठला. त्याने भिंतीला उलटा हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तो बाहेर आला, आणि त्याच्यामागे रसिकाही.

"काल खोटं बोललात," तो हळूच म्हणाला. "आतला तारांचा जोड सैल झालाय. सगळ्यांचे एसी लागले की तो थरथरतो, तापतो. कपाटाची फळी त्याच्या लोखंडी दाराला चिकटून आहे. मी आत्ता मेन स्विच बंद करायला लावतोय. पण त्याआधी आईंना तुम्ही सांगा."

"तुमचं बरं आहे. तपासलं आणि निघालात," रसिकाचा आवाज फुटला. "तो आवाज गेला तर ती पुन्हा जेवायची नाही. कळतंय तुम्हाला?"

तो बोलला तेव्हा त्याच्या तोंडून त्याच्या गावची, तारोडीची, बोली आली. "माझी इंदुआत्या हाय ना, तिला मिठागरातून मेलेल्या नवऱ्याची हाक यायची. एक दिवस गेली हाकेमागं. भरतीची वेळ. गळ्यापर्यंत चिखलात होती तवा आम्ही ओढून काढली. हाक खरी का खोटी, मला न्हाय ठाव. पण पाणी खरं होतं."

रसिका त्याच्याकडे बघतच राहिली. मग डोळे पुसून आत गेली आणि आईच्या पायाशी बसून तिने सगळं सांगितलं. भिंत गुणगुणतच होती.

नीलिमाताईंनी ऐकून घेतलं. बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"यांनी आपल्याला जळू दिलं नसतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. उठल्या, बाहेर गेल्या आणि कपाटातले सुभाषरावांचे बूट स्वतःच्या हातांनी काढून पदराने पुसून घरात घेऊन आल्या.

खाली इलेक्ट्रिशियन काशीनाथने मेन स्विच पाडला. सगळी इमारत अंधारात गेली. पंखे थांबले, टीव्ही थांबले, कुठेतरी एक बाळ रडायला लागलं आणि गप्प झालं. भिंतही गप्प झाली. योगेंद्रने कपाट ओढलं. बॅटरीच्या उजेडात फळीची मागची बाजू दिसली... कोळशासारखी काळी. बोट लावताच तिचा भुगा खाली पडला. लोखंडी दार उघडलं तर आत तारांवरचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं.

अजून एखादी संध्याकाळ, आणि भिंतीशी चहा घेऊन बसलेली आई...

खालून काशीनाथ ओरडला, "साहेब, पूर्ण बंद केलंय. फ्यूजपण काढून हातात घेतलेत."

आणि त्याच वेळी भिंत गुणगुणली.

फार नाही. एक लांबट, खालचा सूर, बूट काढून झाले की शेवटी यायचा तसा. योगेंद्रचा हात भिंतीवरच होता. भिंत थरथरत नव्हती, आणि आता तिची ऊबही उतरत चालली होती. सूर संपला. जिन्यात कोणीच हललं नाही.

"आता गेले," नीलिमाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. त्या आत देवापाशी निरांजन लावायला गेल्या.

अंधारात दोघंच उरले. रसिकाला त्याचा श्वास ऐकू येत होता, तिच्याइतक्याच वेगाने चाललेला.

"ऐकलंस?" तिने विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"पाण्याच्या पाइपात हवा अडकली असेल," तो म्हणाला. आवाजांची कारणं सांगणं हेच तर त्याचं काम होतं.

ती फक्त वाट बघत राहिली.

"...न्हाय," तो शेवटी म्हणाला. "ऐकलं मी. खोटं कसं बोलू? तुझ्याशी न्हाय बोलवत."

आतून निरांजनाचा उजेड दारापर्यंत आला. रसिका थरथरत होती, भीतीने की कशाने, देव जाणे. त्याने उलट्या हाताने अलगद तिचं कपाळ तपासलं.

"ताप?" तिने पुटपुटत विचारलं.

"हाय थोडा."

मग त्याने हात सरळ केला आणि तळहात तिच्यापुढे धरला. एवढे दिवस राखून ठेवलेला तो हात रसिकाने दोन्ही हातांनी घट्ट धरला.