अण्णासोंची गाठ, जोतीरामचं रक्त

शेवटी माझं लग्न शिरोळच्या पृथ्वीराजशी झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. अजून आमची ओळखसुद्धा झालेली नाही. साल अठ्ठ्याण्णव, श्रावणातली दुपार. तो नखशिखांत भिजून, बर्फाचा डबा पोटाशी धरून, आमच्या कोल्हापूरच्या लॅबच्या दारात उभा आहे आणि डबा द्यायला तयार नाही.

डब्यात त्याच्या वडिलांच्या, अण्णासोंच्या, किडनीतल्या गाठीचा तुकडा होता. किडनी सकाळीच काढली होती. शेजारी अण्णासोंच्या रक्ताची नळी, आदल्या दिवशी वॉर्डात घेतलेली.

"विकणार न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"गाठ आलेली किडनी कोण घेणार?"

"कोल्हापुरात काय बी खपतंय, म्याडम."

तो हसला नाही. मीही नाही. डबा घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, बर्फासारखी गार, आणि त्यानं ती काढायला जरा उशीर केला… बोटं बधिर झाली असतील. मी संशय तेवढा नोंदवून ठेवला.

माझं कामच संशय घ्यायचं. एकाच माणसाच्या रक्तातला आणि गाठीतला डीएनए शेजारी शेजारी ठेवला की एक्स-रेसारख्या फिल्मवर काळ्या पट्ट्यांच्या दोन रांगा उमटतात. माणूस एक, तर पट्टेही तेच हवेत. गाठीच्या रांगेतला एखादा पट्टा गायब असला, तर गाठीनं घरातलंच काहीतरी विकून खाल्लंय असं समजायचं. तेवढाच बदल मला शोधायचा होता.

याला वेळ लागतो आणि त्यावर पेशंटचं औषध ठरत नाही, हे मी पृथ्वीराजला समजावलं. त्याला ते पटलं आणि तो दर आठवड्याला निकाल विचारायला येऊ लागला. एकदा काकवीची बाटली घेऊन आला. ही लाच आहे का, असं मी विचारलं.

"लाच चिकट असती व्हय?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला — बाटलीकडे नाही.

मग फिल्म आली. एकही पट्टा जुळेना. गाठ एका माणसाची, रक्त दुसऱ्याचंच. लॅबचे संचालक, आमचे सर, म्हणाले, अक्षता, तू नळ्या बदलल्यास. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. महिनाअखेर उलगडा झाला नाही तर हे काम दुसऱ्याला देईन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग मला जयसिंगपूरला परतावं लागणार होतं, आणि तिथं आईनं स्थळांचे फोटो आधीच पसरून ठेवले होते.

पृथ्वीराज आला तेव्हा मी सरळ विचारलं, नळीत रक्त कुणाचं होतं?

"माझ्यावर संशय हाय?"

"तुमच्या नळीवर."

तो तसाच निघून गेला. पुढच्या आठवड्यात आलाच नाही. काकवी मात्र गोडच लागत राहिली, हे संशयास्पद होतं.

त्यानंतर एका सकाळी एकाच मोटारसायकलवरून तिघं उतरले. पुढं पृथ्वीराज, मध्ये अण्णासो, मागं त्यांचा दोस्त जोतीराम. पृथ्वीराजनं घरात विचारविचार विचारलं होतं आणि जोतीराम फुटला होता. वॉर्डात रक्त घ्यायला अण्णासोंचं नाव पुकारलं, तेव्हा अण्णासोंनी त्याला कोपरानं ढोसलं होतं. त्यानं "व्हय" म्हणून हात पुढं केला होता. एवढं करून कुणी साधं बिस्कीट दिलं नाही, अशी त्याची तक्रार होती.

मी कारण विचारलं. पोरगा बाहेर गेल्याची खात्री करून अण्णासो हळूच म्हणाले, "ह्या तपासणीत पोरगं कुणाचं ते कळतंय म्हणं. मला शंका न्हाय, पोरी. पर मशीनला आली तर?"

दाराआडून पृथ्वीराजचा आवाज आला, "नाक तर तुमचंच हाय की."

अण्णासोंनी आपलं भलंमोठं नाक पुसलं आणि गुपचूप हात पुढं केला.

या वेळी सगळे पट्टे जुळले. गाठीच्या रांगेत फक्त एक नव्हता. कुणी गायब झाल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. सरांनी फिल्म उजेडात धरली आणि पुढच्या नळ्या माझ्यासमोर ठेवल्या. त्यांच्याकडून ही मेजवानीच.

पृथ्वीराज रेंगाळला. "फिटला संशय?"

"वडिलांचा."

"आन् माझा?"

"तुमची तपासणी करावी लागेल."

त्यानं निमूट बाही वर सारली. मी ती खाली ओढली, आणि… मनगटाचं बटण लावून दिलं.

"करायची न्हाय?" त्यानं विचारलं.

"नाही."

पुढचं पहिल्या ओळीत होतं, पण ती तुम्ही वाचलेली नाही. म्हणून हा अर्ज.

प्रति, मा. संचालक. विषय: विवाहाकरिता तपासणीविना दाखला मिळणेबाबत. महोदय, अर्जदार अक्षता व श्री. पृथ्वीराज यांचे पट्टे जुळतात, असा दाखला कोणाचेही रक्त न घेता सही-शिक्क्यानिशी मिळावा, ही नम्र विनंती. रक्त अपरिहार्यच असल्यास श्री. जोतीराम ते कोणाच्याही नावाने देण्यास तयार आहेत. त्यांना बिस्कीट मात्र मिळावे.