सुरयांचा कडा आणि सहाशेची लेन्स

सासू खडकावर सुरय पक्ष्यांची घरटी आहेत, हे फोटोनिशी सिद्ध करायचं होतं, आणि तेही पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याआधी. एवढ्यासाठी ही मोहीम!

अलिबागच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून बरंच आत समुद्रात, दोन खडक पाण्यातून वर आले आहेत. मोठा, उभ्या कड्याचा तो सासू. त्याच्यासमोरचा बसका, काळा तो सून. एका कंपनीला येत्या हिवाळ्यापासून सासूवर स्पीडबोटीने पर्यटक उतरवायचे होते. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी पद्मजाला सरळ सांगितलं होतं, "घरटी आहेत म्हणता ना? मग पिल्लू दाखवा. मी कंपनीला थांबवतो."

पद्मजा खांदा कॉलनीत राहायची आणि नवीन पनवेलच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. पक्ष्यांचे फोटो काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती. थंडीत तिचा नवरा शैलेश गेला. तेव्हापासून ती तास घेत होती, डबा भरत होती, भेटायला येणाऱ्यांशी नीट बोलत होती. पण सगळं भूल दिलेल्या दाढेसारखं होतं. जागेवर होतं, जाणवत नव्हतं.

"वहिनी, चारशे मिलिमीटरची झूम घे," आभा म्हणाली. आभा शैलेशची धाकटी बहीण. निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन लेन्स होत्या आणि ती हलकी लेन्स हातात तोलत होती. "होडीतूनही फोटो काढता येतील. ही सहाशेची म्हणजे वरवंटा आहे नुसता!"

"चारशेने पिल्लू टिपायचं तर कड्याखाली जावं लागेल," पद्मजा फळ्यासमोर बोलावं तशी म्हणाली. "आपण जवळ गेलो की सुरय उठतात. सावली गेली की उन्हात अंडी शिजतात. पिल्लं घारी उचलतात. सहाशेने लांबून दिसतं."

"पण होडी हलते. त्यात ही स्थिर कशी राहणार?"

"नाही राहणार. सुनेवर उतरायचं. ट्रायपॉड लावायचा."

"मग दोन्ही घे ना!"

"दोन्ही घेतल्या की ठरवणं समुद्रावर जातं. इथेच ठरू दे."

तिने झूम कपाटात ठेवून दिली.

पहाटे करंज्याहून मिथुनची होडी सुटली. मिथुन करंज्याचा कोळी, पद्मजाचा जुना विद्यार्थी. चोचीत मासे घेऊन कड्यात शिरणारे पक्षी त्यानेच पाहिले होते. समुद्र शांत वाटत होता, पण पृष्ठभागाखाली एक लांब, आळशी उसळ चालली होती. दूर कुठेतरी पाऊस जमत असल्याची ती खूण. किनारा धूसर होत गेला, माडांची रेघ पुसली गेली, आणि बऱ्याच वेळाने पाण्यात दोन काळे दात दिसले.

"मॅडम, आता सुकती हाय, पाणी उतरलाय," मिथुन म्हणाला. "भरती लागली का मी हाक मारीन. मंग थांबायचा नाय!"

त्याने होडीचं नाक सुनेला भिडवलं. लाट वर आली. "उडी!" आभाने उडी घेतली. होडी खाली गेली, पुन्हा वर आली. पाठीवर लेन्सची बॅग, अंगात लाइफ जॅकेट. पद्मजाने उडी मारली! हात खडकावरच्या धारदार शिंपल्यांवर पडले. तळव्यातून रक्त आलं. तिने ते पाहिलं आणि हात पँटला पुसले.

ट्रायपॉड उभा राहिला. पद्मजाने डोळा लावला आणि समोरचा कडा एकदम पुढ्यात आला. पांढऱ्या विष्ठेने माखलेले कप्पे, त्यांत काळ्या डोक्याचे सुरय, त्यांची बारीक, सतत चाललेली भांडणं. एका कप्प्यात करड्या कापसाचा गोळा हलला. पिल्लू!

"मिळालं?" आभाने विचारलं.

"नाही."

ऊन चढलं होतं. दोन खडकांमधल्या पाण्यावर तापलेली हवा थरथरत होती, आणि लेन्स जितकी लांबची, तितकी ती थरथर मोठी. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं पिल्लू चिखलाच्या गोळ्यासारखं दिसत होतं. हे पिल्लू आहे असं कोणीही मानलं नसतं.

"झूम असती तर आपण जवळ तरी..." आभा बोलता बोलता थांबली.

"ढगाची वाट बघू," पद्मजा म्हणाली.

त्या बसून राहिल्या. खालचा खडक भाजत होता. बाटलीतलं पाणी कोमट झालं, मग गरम. आभा मधूनच दादाची एखादी आठवण काढायची. पद्मजा "हं" म्हणायची. होडी लांब, उसळीवर डुलत होती. अखेर नैर्ऋत्येकडून ढगांची एक जाड पट्टी सरकत आली आणि कड्यावर सावली पडली. वारा सुटला. हवेची थरथर मोडली.

एक सुरय मासा घेऊन उतरला. पिल्लाने चोच उघडली. खट्‌! खट्‌! खट्‌! पद्मजाने पडद्यावर पाहिलं. माशाचा खवला न्‌ खवला दिसत होता.

"मिळालं," ती म्हणाली.

आभाने टाळी वाजवली. तेवढ्यात वाऱ्यावरून हाक आली. "मॅडम! भरती! निंघा!"

सुनेचा कडेचा भाग पाण्याखाली गेला होता. उसळ आता आळशी राहिली नव्हती. आभा बॅग उचलायला कडेला वाकली, आणि त्याच क्षणी लाट आली. पांढरी, कमरेएवढी! आभाचे पाय सुटले. ती खडकाच्या घळीत गेली. पाणी तिला भिंतीवर आपटत होतं, ओढत होतं, पुन्हा आपटत होतं.

पद्मजा उभी होती. तिला सगळं दिसत होतं, आणि ते फार दूर, दुसऱ्या कोणाच्या तरी बाबतीत घडत होतं.

मग तिच्या घशातून एक हाक निघाली. ती आडवी झाली. ट्रायपॉडचा एक पाय दोन्ही हातांनी धरला आणि कॅमेरा, लेन्स, सगळा डोलारा घळीत लोंबता सोडला. "धर!" पहिल्या लाटेत आभाचा हात चुकला. दुसऱ्या लाटेत ट्रायपॉडला लागला! लेन्स खडकावर आदळली. काच फुटल्याचा आवाज आला. पद्मजाने ओढलं. ट्रायपॉडवरची पट्टी तुटली, कॅमेऱ्यासकट, फोटोसकट लेन्स निसटली, आभाच्या खांद्याला घासून हिरव्या पाण्यात गेली. पद्मजा ओढत राहिली. आभाची कोपरं वर आली, मग गुडघे.

होडी आता खडकाला लावणं शक्यच नव्हतं. मिथुनने दोर बांधलेला तरंगता बोया फेकला. दोघींनी एकमेकींच्या जॅकेटचे पट्टे धरले. लाट ओसरली. "आता!" दोघी पाण्यात! नाकातोंडात खारं पाणी, कानात इंजिनाची घरघर, मग मिथुनचे हात, आणि होडीचा तळ.

मग मिथुनने सासूकडे बोट दाखवलं.

"मॅडम, तिकडची बाजू वाऱ्याच्या आड हाय. मी होडी लावतो. माझा फोन हाय. पिल्लाजवळ जाऊन एक फोटो काढू. फुकट नाय जायाचा."

आभा उठून बसली. "वहिनी, जाऊ या. पुन्हा येता येणार नाही."

पद्मजाने कड्याकडे पाहिलं. ढग सरकला होता, ऊन परत आलं होतं. सुरय पंख किंचित पसरून पिल्लांवर सावली धरून बसले होते.

"नको," ती म्हणाली. "होडी फिरव."

पुढे त्या अधिकाऱ्यांनी तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, परवानगी एका हंगामापुरती लांबवली आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वतः दुर्बीण घेऊन येईन म्हणाले. पण ते नंतर. त्या दुपारी होडी फक्त परत चालली होती. आभा चादरीत गुरफटून रडत होती आणि पद्मजा तिचे पाय चोळत होती.

"मी घळीत पडले तेव्हा तू माझ्या नावाने हाक नाही मारलीस," आभा म्हणाली. "दादाच्या नावाने मारलीस."

"हो?"

"तो गेल्यापासून तुझ्या तोंडून ते नाव मी ऐकलंच नव्हतं."

पद्मजाचे हात थांबले. किनाऱ्याची रेघ पुन्हा उमटू लागली होती. तिने पाण्याकडे तोंड वळवलं आणि नुसतं म्हणून पाहिलं, "शैलेश."

मिथुनने सुकाणूवरून मान वळवली. "काय झाला, मॅडम?"

तिने हातानेच खूण केली, चल. आभाने चादरीचं टोक उचलून तिला आत घेतलं.