बदामाच्या धुळीचा खोकला

"बाळाला मीच आजारी पाडलं, असं चर्चच्या पायरीवर बोलतात," युलालिया म्हणाली. पुढे केलेल्या खुर्चीवर ती बसली नाही.

इव्होन बेटेनकोरनं पेन खाली ठेवलं. वीस वर्षं आरोग्यखात्यात साथींचा माग काढत फिरल्यावर तिनं गस्टीन गावात खाजगी तपासाची ही कचेरी थाटली होती. कोपऱ्यात बेल्मिरो बसला होता. पूर्वी तो दुधाचा टँकर चालवायचा, आता इव्होनची गाडी चालवतो. प्रश्न त्याला नेहमी उशिरा सुचतात.

युलालिया बारा वर्षं देओलिंदा बोर्जेसच्या घरगुती पाळणाघरात कामाला होती. सहा मुलं, तीन बायका. त्यातला तोमास, अवघा अडीच महिन्यांचा, डांग्या खोकल्यानं इस्पितळात होता. खोकल्याची उबळ आली की त्याचा श्वास जायचा, आणि परत यायची वाट विसरल्यासारखा बाहेरच थांबायचा.

अशा घरात मुलांना हात लावणाऱ्या प्रत्येकानं गोवराची आणि डांग्या खोकल्याची लस घ्यायची आणि त्याचा कागद घरातल्या फाइलीत ठेवायचा, असा कायदा. सोमवारी परवाना खात्याची तपासनीस आली. गोवराचे तिघींचेही कागद होते. डांग्या खोकल्याचा देओलिंदाचा होता, तिची भाची ग्रासा हिचाही होता. युलालियाचा नव्हता.

"मे महिन्यात मी स्वतः भोकं पाडून फाइलीत लावला होता," युलालिया म्हणाली. "फिरता दवाखाना जूनमध्ये बंद पडला. तिथली दप्तरं कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. उद्या संध्याकाळी तपासनीस तिचा अहवाल देणार. त्यात माझं नाव गेलं की या गावात मला कुणी मांजराचं पिल्लूसुद्धा सांभाळायला देणार नाही."

ती रडत नव्हती. रागानं तिचे ओठ पांढरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी इव्होन आणि बेल्मिरो पाळणाघराकडे निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बदामाच्या बागांमध्ये फळं पाडायला यंत्रं झाडांना गदागदा हलवत होती, आणि मातकट ढग रस्त्यावर लोळत होता. बेल्मिरोनं काच पुसली. गेल्या सोमवारी, ऑगस्ट अर्धा सरल्यावर पहिलं यंत्र लागलं, त्याआधी जून-जुलैचा सगळा उन्हाळा आभाळ कसं लख्ख होतं, अशी त्याची कुरकुर पूल येईपर्यंत चालली.

देओलिंदानं दार उघडलं तेव्हा तिच्या कमरेवर एक पोर होतं आणि तोंडाशी रुमाल.

"ही बदामाची धूळ हो. जुलै लागला की माझी छाती धरतेच. दरवर्षीचंच आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ खोकली.

बेल्मिरोनं मान हलवली. त्याचंही नाक चोंदलेलंच होतं.

युलालियाबद्दल देओलिंदा गोड बोलली. बाई मायेची आहे, पण वय झालंय. लस घ्यायची राहून गेली असेल आणि कबूल करायची लाज वाटत असेल. बारा वर्षं सोबत काम केलेल्या बाईला आपण घराबाहेर काढतोय, आपल्या काळजाचं काय होत असेल, असं म्हणत तिनं फाइल पुढे सरकवली.

तीन कड्यांची जाड फाइल. इव्होननं दोन्ही कागद काढून खिडकीशी धरले. ग्रासाच्या कागदावर एकवीस मे, देओलिंदाच्या कागदावर चौदा मे. दोन्हींवर दवाखान्याचा गोल शिक्का थेट तारखेवर बसलेला. ग्रासाचा जांभळा, देओलिंदाचा काळपट. देओलिंदाच्या कागदाला कड्यांची तीन भोकं होती, आणि प्रत्येक भोकाच्या जरा आत एक करडा गोल डाग, ग्रहणातल्या चंद्रासारखा.

"ही झेरॉक्स आहे," देओलिंदा म्हणाली. "मूळ कागद कपाटात जपून ठेवलाय. कुठे ते बघावं लागेल."

"मग बघून ठेवा," इव्होन म्हणाली.

स्वयंपाकघरात ग्रासा सूपसाठी पालेभाजी चिरत होती. फ्रिजवर तिच्या आजीच्या निधनाचं पत्रक चिकटवलेलं होतं, आठ मे तारखेचं.

"मला त्या सुया पटत नाहीत," न विचारताच ती म्हणाली. "सरकारनं माझ्या दंडात कशाला डोकवावं?"

"तरी घेतलीस."

"नोकरी नको का? तोंडानं भांडले आणि दंड पुढे केला." तिनं सुरी खाली ठेवली. मग जे सांगितलं ते भराभर सांगितलं. मे महिन्यात मावशी वारलेल्या आजीच्या प्रार्थनेसाठी समुद्रापलीकडच्या त्यांच्या मूळ बेटावर गेली होती, दहा तारखेपासून चोवीसपर्यंत. घर या दोघींवर. फिरता दवाखाना फक्त मंगळवारी सकाळी यायचा. पहिल्या मंगळवारी युलालियाकाकू गेली तेव्हा सगळी पोरं हिनं सांभाळली, पुढच्या मंगळवारी ही गेली तेव्हा काकूनं.

"तपासनिसाला हे का नाही सांगितलंस?"

"मावशी म्हणाली, तू सुई टोचताना पाहिलीस का? नव्हती पाहिली. मग गप्प बसले." ग्रासा पुन्हा भाजी चिरू लागली, पण पूर्वीपेक्षा जोरात.

बाहेर आल्यावर बेल्मिरो म्हणाला, "इव्होनबाई, ही ग्रासाच असणार. सुया न पटणारी."

"जिचा शिक्का जांभळा आहे, ती?" इव्होन म्हणाली. "युलालियाला साडेपाचला इथे घेऊन ये. तपासनिसालाही मी बोलावते."

साडेपाच ही मुलं घरी न्यायची वेळ. पुढच्या खोलीत मुलं ठोकळे रचत होती. युलालिया दाराशी उभी राहिली. परवापर्यंत याच खोलीत ती बसायची, आता आत यायला कुणी सांगितलं नाही.

इव्होननं देओलिंदाचा कागद टेबलावर ठेवला.

"युलालियाचा कागद सापडला," ती म्हणाली. "हा बघा."

"त्याच्यावर माझं नाव आहे," देओलिंदा म्हणाली.

"नाव तुमचं आहे, बाकी सगळं तिचं. हे करडे गोल बघा. आधीच भोकं पाडलेल्या, फाइलीतून काढलेल्या कागदाची झेरॉक्स केली की भोकांचे असे डाग उमटतात. मूळ कागद कपाटात जपलेला असता तर त्याला भोकं कशाला असती? आणि चौदा मेला तुम्ही बेटावर होतात. त्या मंगळवारी या घरातून फक्त युलालिया दवाखान्यात गेली. ग्रासा पोरांपाशी होती."

 तपासनीस तिच्या वहीत लिहीत होती.

"परत आलात तेव्हा दवाखाना बंद पडण्याच्या बेतात होता. दुसरीकडे जाऊन घेता आली असती. त्याऐवजी तिच्या नावावर कागदाची पट्टी ठेवून, त्यावर तुमचं नाव लिहून झेरॉक्स काढलीत. शिक्का तारखेवर होता, म्हणून तारखेला हात लावता आला नाही. बाळ आजारी पडलं, तपासणी येणार हे कळलं, आणि एकाच तारखेचे, त्याच कोनात कललेल्या शिक्क्याचे दोन कागद शेजारी दिसायला नकोत म्हणून तुम्ही खरा काढून टाकलात."

"मग खोकला कुणी आणला?" बेल्मिरोनं विचारलं.

"तूच सांगितलंस. यंत्रं गेल्या सोमवारी लागली. त्याआधी धूळ नव्हती. या मात्र जुलैपासून खोकताहेत, त्यांनीच सांगितलंय."

बेल्मिरोचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तीस वर्षं या गावची पोरं मी वाढवली," देओलिंदा म्हणाली. तिचा आवाज चढला. "दोन पिढ्यांना मी भात भरवलाय. एका सुईवरून माझी परीक्षा?"

"सुईवरून नाही," इव्होन म्हणाली. "मी असली बाळं पाहिली आहेत. निळी पडलेली. त्यांच्या आयांना मी काय सांगायचे, ते ऐकायचंय तुम्हाला?"

युलालिया आत आली. बारा वर्षांत तिनं देओलिंदाला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"देओलिंदा, तू रोज सकाळी तोमासला माझ्या हातातून घ्यायचीस," ती म्हणाली. "मी म्हणायचे, ताई, तुम्हाला खोकला आहे, मी घेते त्याला. तू हसायचीस. नंतर त्याची आई माझ्या दाराशी येऊन ओरडली, तेव्हा तू तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होतीस."

फाटक वाजलं. पायऱ्यांवर पावलं आली. मुलांना न्यायला आयाबाप आले होते, आणि त्यांच्या मागे, इस्पितळातून तोमासचे कपडे न्यायला आलेली त्याची आई मारिसा. युलालियाला पाहताच ती उंबऱ्यावरच थबकली, आणि तिच्या तोंडावर तोच जुना तिरस्कार आला.

देओलिंदा काहीतरी बोलायला गेली. शब्दाआधी खोकला आला. एक उबळ, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी आत ओढलेला तो लांब, किरटा श्वास.

मारिसा तीन आठवडे पाळण्याशी बसून हाच आवाज ऐकत होती. तिची नजर युलालियावरून सावकाश वळली.

एका बापानं आपलं पोर उचलून छातीशी घेतलं. मग दुसऱ्यानं. ठोकळे जमिनीवर पसरून राहिले.

युलालियानं खुंटीवरचा आपला एप्रन काढून त्याची घडी घातली.

"आता सांग यांना," ती म्हणाली, "बदामाची धूळ आहे म्हणून."